भाकरीचा वाटेकरी

पाळलेल्या कुत्र्यास काय खाऊ घालावे, हा प्रश्न आजच्या शहरी कुटुंबात ज्या चिंतेने विचारला जातो त्या चिंतेने तो आपल्या पणज्यांच्या काळी विचारला जात नसे. त्या काळी कुत्र्यावर माया कमी होती असे मुळीच नाही. पण त्याच्या अन्नाचा निर्णय घराच्या अन्नाच्या निर्णयातच अंतर्भूत असे. चुलीवर जे शिजे त्यातला एक अंश त्याचा. तो किती, कोणत्या वेळी आणि कोणी घालायचा, हे रूढीने ठरवून ठेवलेले होते. गेल्या दीडशे वर्षांत तो निर्णय घरातून निघून प्रथम कारखान्यात आणि पुढे प्रयोगशाळेत गेला, आणि आता पाकिटाच्या पाठीवरील बारीक अक्षरांच्या रूपाने तो पुन्हा घरी आला आहे. या स्थित्यंतराचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. परंतु ज्याला आपल्या कुत्र्याच्या प्रकृतीची खरी आस्था आहे त्याने तो जाणून घेणे अगत्याचे आहे, असे मला वाटते.

गृहस्थाच्या नित्यकर्मांत वैश्वदेव सांगितला आहे. अन्न सिद्ध झाल्यावर कुटुंबाने त्याला हात लावण्यापूर्वी देव, पितर, अतिथी आणि भूतमात्र यांचे अंश त्यातून काढायचे, असा तो विधी. गोग्रास, काकबली आणि श्वानबली हे त्याचेच भाग. श्वानबली निघे तो यमाच्या श्याम आणि शबल या दोन कुत्र्यांच्या नावे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात परलोकाच्या वाटेवर पहारा करणारे चार डोळ्यांचे जे दोन सारमेय वर्णिले आहेत ते हेच. हा अंश भूमीवर हळुवारपणे ठेवावा, असे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. आणि त्याच ठिकाणी कुत्र्यांच्या पंक्तीला पतित व श्वपच मानलेल्या माणसांना नेऊन बसवले आहे, हे वाचताना मन खिन्न होते. मुक्या प्राण्याच्या घासाची इतकी नाजूक काळजी वाहणारी दृष्टी माणसाविषयी इतकी कृपण कशी झाली, याचे उत्तर ती परंपरा देत नाही, आणि तिचा गौरव करणाऱ्याने हे विसरता कामा नये.

कुत्रा आणि अन्न यांच्या संबंधात न्यायाचा प्रश्न गुंतलेला आहे, ही जाणीव मात्र आपल्या वाङ्मयात फार जुनी आहे. महाभारताच्या आदिपर्वात, अगदी आरंभी, जनमेजयाच्या सत्रात त्याच्या भावांनी एका कुत्र्याला मारल्याची कथा येते. त्या पिल्लाने हविर्द्रव्य चाटले नव्हते, त्याकडे पाहिलेदेखील नव्हते. निरपराध पुत्राला मारले म्हणून देवशुनी सरमा राजकुळास शाप देते आणि त्या शापाने राजा अस्वस्थ होतो. महाराष्ट्रात हीच जाणीव नामदेवांच्या कथेत अधिक कोमल होऊन उतरली. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे, ती त्याने कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव कीर्तनकारांनी घराघरांत पोचवले. जेजुरीच्या खंडोबाचे वाघ्ये स्वतःस देवाचे कुत्रे मानतात आणि काही विधींच्या प्रसंगी भुंकत भुंकत कोटंब्याला तोंड लावून त्यातले अन्न ग्रहण करतात. कुत्र्याच्या पात्रात जेवण्याला जेथे उपासनेची प्रतिष्ठा मिळाली, तेथे त्या पात्रात काय पडते याविषयी समाज सर्वथा उदासीन होता असे म्हणता येणार नाही.

राजदरबारी गोष्ट निराळी. अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत हत्ती, घोडे, उंट यांच्या दाणावैरणीबरोबर शिकारी कुत्र्यांच्या खुराकाचीही नोंद आहे. काबूलकडचे, विशेषतः हजारा मुलखातले कुत्रे बादशहास प्रिय. खास कुत्र्यांस दररोज २ शेर मांस, इतरांस त्याहून कमी, आणि दर दोन ताजी कुत्र्यांमागे एक चाकर दरमहा १०० दाम पगारावर तैनात. मांसाचा असा रोजचा रतीब हे ऐश्वर्याचे लक्षण होते, आणि त्याची बेगमी करण्यास शिकारखाना व कारकून लागत. आपल्याकडे सातारच्या शाहू महाराजांनी, आपले प्राण वाचवणाऱ्या खंड्या नावाच्या कुत्र्यास मोठा मान दिल्याची परंपरा सांगतात, आणि संगम माहुलीस त्याची समाधी दाखवतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ज्या सडपातळ, वेगवान शिकारी कुत्र्यांची जोपासना केली ते तर पिढ्यानपिढ्या खेडुतांच्या दारी वाढलेले, म्हणजे बहुतांशी भाकरी आणि दुधाताकावर पोसलेले होते. संस्थानाच्या आश्रयाने त्यांची कीर्ती वाढली, त्यांचा मूळ पिंड शेतकऱ्याच्या घरचाच राहिला.

या देशातील कुत्र्याच्या आहाराचे खरे स्वरूप पाहायचे तर धनगरांच्या वाड्यावर गेले पाहिजे. पावसाळा सरला की दख्खनच्या अवर्षणाच्या मुलखातून मेंढरे घेऊन ही कुटुंबे चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात आणि कापणी झालेल्या रानात तळ ठोकतात. दिवस मावळता मेंढरे वाघरीत कोंडली जातात, तीन दगडांच्या चुलीवर बाजरीच्या किंवा ज्वारीच्या भाकरी पडू लागतात, आणि शेवटी परातीत उरलेल्या पिठाची एक जाड, ओबडधोबड भाकरी थापली जाते. ती निवल्यावर घरची बाई जर्मनच्या चेपलेल्या थाळीत कुस्करते, वर ताक किंवा शेळीचे दूध ओतते, बोटांनी एकजीव करते, आणि हाक न मारता थाळी नुसती जमिनीवर ठेवते. गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घातलेला कुत्रा वाघरीच्या कडेवरून उठून येतो, थाळी चाटून लख्ख करतो आणि परत आपल्या जागी जाऊन बसतो. त्यात मीठ नसते, तिखट नसते, फोडणी नसते. त्याचे मांस म्हणजे मेलेल्या करडा-कोकराचे, रानातल्या उंदराघुशींचे. ते त्याचे तो मिळवतो.

वाघरीच्या पलीकडे, माळाच्या अंधारात, लांडगा असतो. या दोघांचे मूळ एकच. पण मधल्या हजारो वर्षांत त्यांच्या पोटात जो भेद पडला त्याचा उलगडा स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील एरिक ॲक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली केला. १२ लांडगे आणि ६० कुत्रे यांची जनुके ताडून पाहता त्यांना असे आढळले की, पिष्टमय पदार्थ पचवणारे अमायलेज हे विकर स्वादुपिंडात निर्माण करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती असतात, तर कुत्र्यात त्या ४ पासून ३० पर्यंत आढळतात. ज्या प्रदेशांत शेती जुनी, तेथील कुत्र्यांत या प्रती अधिक, आणि ध्रुवप्रदेशातील हस्कीसारख्या जातींत कमी, असे पुढील संशोधनाने दाखवले. माणूस पेरू लागला, दळू लागला, आणि त्याच्या उकिरड्याशी आलेला प्राणी धान्य पचवण्यास समर्थ होत गेला. कुत्रा हा पाळीव झालेला लांडगाच आहे, सबब त्याला केवळ कच्चे मांस द्यावे, असे हल्ली आग्रहाने सांगणाऱ्यांनी या साक्षीचा विचार करायला हवा.

इतर प्राचीन समाजांचा अनुभवही याच्याशी जुळता आहे. रोमन कृषिशास्त्रकार कोलुमेला याने राखणीच्या कुत्र्यास सातूचे पीठ दुधाच्या निवळीत कालवून द्यावे, असे लिहून ठेवले आहे. धनगराच्या थाळीहून ते वेगळे ते काय? पारशांच्या वेंदिदाद या धर्मग्रंथाचा तेरावा भाग तर या विषयावरील जगातील अत्यंत जुने शासनच म्हणावा लागेल. दूध, चरबी आणि मांस हे कुत्र्याचे योग्य अन्न, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. आणि कुत्र्यास वाईट अन्न घालणाऱ्यास शिक्षा लिहिली आहे. मेंढपाळाच्या कुत्र्याशी हा अपराध केल्यास शिक्षा सर्वांत कठोर, मग घरराखणीच्या कुत्र्याची, मग भटक्याची, मग पिल्लाची. आहाराच्या गुणवत्तेचा प्रश्न मालकाच्या मर्जीवर न सोडता त्यास अपराधाच्या कक्षेत आणणारा हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

मुंबईच्या पारशी घरांत जेवणापूर्वी कुत्र्याचा घास बाजूला काढण्याची चाल याच धर्मभावनेतून आली. म्हणूनच १८३२ च्या जून महिन्यात, इंग्रज सरकारच्या पोलिसांनी बक्षिसाच्या आशेने बेवारशी कुत्र्यांबरोबर घरांतल्या आणि अंगणांतल्या कुत्र्यांचीही हत्या आरंभली तेव्हा पारशी वस्ती खवळून उठली, शिपायांवर हल्ले झाले, दुसऱ्या दिवशी दुकाने बंद पडली आणि कोटातल्या फौजेची रसद अडली. हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही त्या हरताळात सामील झाले होते. या प्रक्षोभानंतर १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला, आणि घरोघरी निघणारा घास प्रथमच एका संस्थेच्या जमाखर्चात दाखल झाला.

ज्या इंग्लंडातून हे सरकार आले होते तेथेही सामान्य कुत्रा घरच्या उरल्यासुरल्यावर आणि खाटकाच्या टाकावू मांसावरच जगत होता. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्राट नावाचा अमेरिकन गृहस्थ वीजवाहक सळ्या विकण्यास लंडनला आला असता, गोदीतले कुत्रे खलाशांनी टाकलेली जहाजी बिस्किटे खाताना त्याच्या दृष्टीस पडले असे सांगतात. त्याने गव्हाचे पीठ, भाज्या, बीट आणि अमेरिकेच्या गवताळ मुलखातील गुरांचे वाळवलेले मांस यांची बिस्किटे करून विकण्यास प्रारंभ केला. ही बिस्किटे महाग होती. शिकारी कुत्रे बाळगणारे जमीनदार हे त्यांचे गिऱ्हाईक. त्याच पेढीत चार्ल्स क्रफ्ट नावाचा मुलगा उमेदवार कारकून म्हणून लागला, आणि पुढे १८९१ साली त्याने आपल्या नावाचे जे श्वानप्रदर्शन लंडनमध्ये भरवले ते अद्याप भरते. जातिवंत कुत्र्याचे प्रदर्शन आणि त्याचे विकतचे अन्न यांची सोयरीक अशी प्रारंभापासूनची आहे. प्रदर्शनात बक्षीस मिळवणारा कुत्रा काय खातो, हे इतरांनी पाहावे आणि तेच आणावे.

परंतु या बिस्किटात काय असले म्हणजे कुत्रा निरोगी राहील, हे त्या काळी कोणासच ठाऊक नव्हते. ते ज्ञान मिळाले ते कुत्र्यांच्याच प्राणांच्या मोलाने, आणि या प्रकरणाशी मी थोडा अधिक थांबू इच्छितो, कारण मनुष्यजातीवरील हे ऋण क्वचितच कोणी उच्चारतो. १८१६ साली फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ फ्रांस्वा माजांदी याने एका कुत्र्यास केवळ साखर आणि ऊर्ध्वपातित पाणी यांवर ठेवले. तो खंगला, त्याच्या डोळ्यांच्या पारदर्शक पटलावर व्रण पडले आणि महिन्याभरात तो मेला. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या मृत्यूने सिद्ध केले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस इंग्लंडात एडवर्ड मेलनबी याने पिल्लांना घरात कोंडून ओटसारख्या धान्याच्या लापशीवर वाढवले; त्यांची हाडे मुडदुसाने वाकली, आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल दिल्यावर हा विकार टळला. ड जीवनसत्त्वाच्या शोधाकडे जाणारी वाट या पिल्लांच्या वाकलेल्या पायांवरून गेली.

अमेरिकेच्या दक्षिणेत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा होई. अंगावर चट्टे, अतिसार, बुद्धिभ्रंश आणि शेवटी मृत्यू. जोसेफ गोल्डबर्गरने हा रोग संसर्गाचा नसून आहाराचा आहे असे दाखवले, आणि तशाच निकृष्ट अन्नावर ठेवलेल्या कुत्र्यांची जीभ काळी पडून ते मरतात हेही निदर्शनास आणले. १९३७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनरॅड एल्व्हेहेम याने काळ्या जिभेच्या कुत्र्यास निकोटिनिक आम्ल देऊन बरे केले, आणि लवकरच माणसेही त्याच औषधाने वाचू लागली.

या कथेचा पुढचा अध्याय आपल्या दख्खनमध्येच लिहिला गेला. ज्वारी हेच मुख्य अन्न असलेल्या येथील गरीब लोकांतही पेलाग्रा आढळे. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत, जिला पुढे राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले, सी. गोपालन आणि भवानी बेलवाडी यांनी पिल्लांना ज्वारीप्रधान आहारावर ठेवले असता त्यांच्या जिभा काळ्या पडल्या. त्यांचा हा निष्कर्ष १९६५ साली प्रसिद्ध झाला. ज्वारीतील ल्युसीनचे आधिक्य हे त्याचे कारण असावे असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यावर पुढे मतभेद झाले, पण प्रयोगातील पिल्लांची जीभ काळी पडली हे खरे.

मग प्रश्न असा की, शतकानुशतके ज्वारीच्या भाकरीवर पोसलेला आपला कुत्रा टिकला कसा? उत्तर थाळीतच आहे. ती भाकरी एकटी कधीच नव्हती. तिच्यावर ताक होते, दूध होते, सणावाराला हाडके होती, आणि थाळीबाहेर सारे शिवार पडलेले होते. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांचे निरीक्षण केले, तेव्हा पाव-भातावर दिवस काढणारी ही जनावरेही मांसाचा वास येईल ते अन्न आधी उचलतात असे त्यांना आढळले. आणखी एक गोष्ट न लपवता सांगितली पाहिजे: सगळे टिकले नाहीत. याच संस्थेच्या अभ्यासात जन्मलेल्या पिल्लांपैकी सुमारे १९ टक्केच सात महिन्यांच्या वयापर्यंत पोचली. गावठी कुत्रा काहीही खाऊन ठणठणीत राहतो, असे म्हणताना जे मेले त्यांची गणती आपण करत नाही.

कारखान्यांनी प्रयोगशाळांचे हे ज्ञान उचलले, आणि त्याबद्दल त्यांना श्रेय दिले पाहिजे. १९२२ साली अमेरिकेत घोड्याच्या मांसाचे डबे आले. दुसऱ्या महायुद्धात डब्यांचा पत्रा दुर्मिळ झाल्यावर कोरड्या अन्नाकडे उत्पादक वळले. १९५७ साली प्युरिना कंपनीने पीठ, मांस आणि चरबी यांचा लगदा उष्णता व दाब यांच्या योगे फुगवून दाणे पाडण्याची रीत बाजारात आणली, आणि आज जगभर वाटीत खळखळणारे दाणे त्याच रीतीचे आहेत. मार्क मॉरिस या पशुवैद्याने तर मॉरिस फ्रँक या अंध गृहस्थाच्या बडी नावाच्या मार्गदर्शक कुत्र्याच्या रुग्ण मूत्रपिंडांसाठी खास अन्न घरी तयार केले, आणि पथ्याच्या अन्नाची जी शाखा आज पशुवैद्यकात मान्य आहे तिचा उगम त्या काचेच्या बरण्यांत आहे. पण घरचे अन्न कुत्र्यास अपायकारकच असते, हा जो प्रचार याच व्यवसायाने १९६० च्या दशकात चालवला त्यात सत्यापेक्षा स्वार्थ अधिक होता. त्याने अन्न देणाऱ्याच्या मनातला विश्वास काढून घेतला आणि सारी मदार पाकिटावर ठेवली. २००७ साली चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे रसायन मिसळलेले निघाले, अमेरिकेत असंख्य कुत्री-मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली आणि कोट्यवधी पाकिटे परत मागवावी लागली. त्यानंतर धान्यविरहित अन्नाची टूम निघाली. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, धान्याऐवजी वाटाणा-मसूर घातलेल्या अशा अन्नाचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे काय, याची चौकशी सुरू केली. तिचा निर्णायक निष्कर्ष निघालेला नाही. धान्याला शत्रू मानण्याचे काही कारण मात्र तीत सापडले नाही.

घरी शिजवून घालणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी घरगुती श्वानाहाराच्या २०० पाककृती २०१३ साली तपासल्या, तेव्हा त्यांतील १९० कृतींत एखादे तरी आवश्यक पोषकद्रव्य कमी पडत होते. शिवाय आजच्या घरात जे उरते ते पूर्वीचे ताक-भाकरी नव्हे. ती कांदा-लसणाच्या वाटणाची आमटी असते, तळण असते, चहाबरोबरची गोड बिस्किटे असतात. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटून पंडुरोग होतो, हे गोल्डबर्गरचे सहकारी सेब्रेल यांनी १९३० सालीच दाखवले होते. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंडांना, चॉकलेट हृदयाला आणि साखरेऐवजी वापरले जाणारे झायलिटॉल रक्तशर्करेला व यकृताला घातक आहे, हे त्यानंतर कळत गेले. भाकरीबरोबरचा कांदा माणसानेच खावा.

म्हणून सदनिकेतल्या कुत्र्याची थाळी ठरवताना, धनगराच्या कुत्र्यास शिवाराने जे पुरवले ते सारे आता त्या थाळीतच मावले पाहिजे, एवढे लक्षात ठेवावे: ज्वारी, बाजरी किंवा तांदूळ शिजवून मऊ केलेला, त्याच्या जोडीला रोज अंडे, कोंबडी किंवा मासळी, आणि आठवड्यातून थोडेसे यकृत, सोसत असेल तर दही वा ताक, आणि हाडांतून मिळणाऱ्या चुन्याच्या जागी पशुवैद्याने वजन व वय पाहून ठरवलेली कॅल्शियमची मात्रा. शिजलेले हाड देऊ नये; ते फुटून त्याच्या टोकदार कपच्या होतात आणि आतड्यात रुततात. पाकिटातले अन्न घ्यायचे असल्यास ते पूर्ण आहार म्हणून केलेले आहे की नुसता खाऊ आहे, हे त्यावर वाचून घ्यावे. वाढत्या पिल्लाच्या बाबतीत तर अंदाजपंचे काहीच करू नये. मोठ्या जातीच्या पिल्लांत कॅल्शियम कमी पडले तरी हाडे बिघडतात आणि जास्त झाले तरी बिघडतात, आणि हा बिघाड डोळ्यांना दिसू लागेपर्यंत महिने निघून गेलेले असतात.